प्रवासाच्या आठवणी जपायला किती पैसे लागतात?

चारधाम असो, काशी-अयोध्या असो की युरोप. दोघं नवरा-बायको सहलीहून परततात तेव्हा दोन मोबाइलमध्ये मिळून हजार-दीड हजार फोटो जमलेले असतात. आठवडाभर ते शेजारीपाजारी दाखवून होतात, घरच्या ग्रुपवर शंभरेक जातात आणि मग मोबाइल ‘जागा संपली’ म्हणून कुरकुरायला लागतो. त्याच घरात माळ्यावर जुने अल्बम असतात, एखाददुसरी व्हिडिओ कॅसेट असते, नोकरीत असताना एलटीसी घेऊन केलेल्या दक्षिण भारताच्या सहलीचे निगेटिव्ह असतात. ‘एकदा सगळं नीट लावायचं’ असं निवृत्तीच्या दिवसापासून ठरलेलं असतं.

हे नीट लावायला खर्च किती येतो, तो कुठे करावा आणि कुठे हात आखडता घ्यावा, याचा हा हिशेब. इथले भाव महाराष्ट्रातल्या शहरांचा साधारण अंदाज यावा म्हणून दिले आहेत. दुकानागणिक फरक पडणारच, म्हणून काम देण्याआधी दोन ठिकाणी विचारून घ्या.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. या कामात सर्वांत मोलाच्या दोन गोष्टी आहेत, निवड आणि नोंद, आणि दोन्ही फुकट होतात. त्यानंतर दुसरी प्रत, मग छपाई आणि परवडत असेल तर शेवटी पुस्तिका. बाजारात मात्र क्रम उलटा चालतो. आधी महागडा फोटोबुक किंवा मोठी हार्ड डिस्क विकली जाते आणि नावं लिहायचं राहूनच जातं.

आधी फुकटची कामं

एका सहलीचे शंभर फोटो पुरतात. पंधरा दिवसांची सहल असली तरी दिवसाला सहा-सात फोटो झाले. एकाच धबधब्याचे अकरा फोटो असतील तर एक ठेवा. हॉटेलच्या जेवणाचे, चालत्या गाडीतून काढलेले, अंगठा आडवा आलेले बाजूला काढा. मावळतीचे फोटो सगळ्यांकडे असतात. पण गाडी बंद पडल्यावर रस्त्याच्या कडेला चहा पिणारी मंडळी फक्त तुमच्याकडे असतात. दृश्यापेक्षा माणसांना जागा द्या.

ही निवड सहलीहून आल्यावर पंधरा-वीस दिवसांत उरकावी. रोज अर्धा तास, जेवणाआधी. दोघांनी मिळून बसलं तर वादही होतात आणि आठवणीही निघतात.

नोंद म्हणजे चार गोष्टी: कुठे, कधी, कोण कोण आणि काय घडलं. ही पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूचं नाव, गाव, सोबतची माणसं आणि आल्याची तिथी लिहिलेली असते, म्हणून आजही एखाद्याला तिथे पणजोबांची सही सापडते. फोटो एकही नसताना त्या एका ओळीवर पिढ्यांचा माग लागतो.

फोटोखाली ‘हिमाचल टूर’ एवढंच लिहिलं तर काहीच लिहिलं नाही असं समजा. त्याऐवजी असं लिहावं: ‘रोहतांगच्या वाटेवर, मढी, मे २००७. बर्फामुळे गाड्या थांबवल्या होत्या. डावीकडून मोठी वहिनी, तिची बहीण, मी. भाड्याचे बूट वहिनींना दोन नंबर मोठे, म्हणून त्या बसूनच आहेत.’ पन्नास वर्षांनी हा फोटो हातात आलेल्या पणतीला वहिनी कोण ते कळेल आणि त्या बसून का आहेत, तेही.

मोबाइलमध्ये ही नोंद फोटोसोबतच ठेवता येते. गूगल फोटोजमध्ये फोटो उघडून वर सरकवला की मथळा लिहायची जागा येते. बोटांनी टाइप करणं जड जात असेल तर कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोला, अक्षरं आपोआप उमटतात. आडनावं आणि गावांची नावं तेवढी तपासून घ्या. याला खर्च शून्य.

पुढच्या सहलीसाठी पन्नास-साठ रुपयांची एक छोटी वही पुरते. रोज रात्री पाच ओळी: कुठून कुठे, काय खाल्लं, किती पैसे गेले, कोण भेटलं, काय बिनसलं. शेवटची ओळ चुकवू नका. सगळं सुरळीत झालेला दिवस वर्षभरात विसरला जातो, पण चुकलेली गाडी जन्मभर आठवते.

तिकिटं आणि पावत्या

जुन्या पुठ्ठ्याच्या रेल्वे तिकिटांना काही होत नाही, ती तशीच अल्बममध्ये ठेवा. हल्लीच्या गुळगुळीत कागदावरच्या पावत्या, म्हणजे रोप-वे, संग्रहालय, बस किंवा टोलच्या, थर्मल कागदावर छापलेल्या असतात. त्यावरची अक्षरं दोन-चार वर्षांत उडून जातात. असा कागद लॅमिनेट करायला देऊ नका. यंत्राच्या उष्णतेने अख्खा कागद काळा पडतो. त्यांचा मोबाइलवर फोटो काढा किंवा दोन-तीन रुपयांत झेरॉक्स काढून ती प्रत ठेवा.

दुसरी प्रत: क्लाउड, पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क

फोटो फक्त मोबाइलमध्ये असतील तर ते असून नसल्यासारखेच आहेत. मोबाइल पडतो, चोरीला जातो, पाण्यात बुडतो. महत्त्वाच्या फोटोंच्या तीन प्रती हव्यात. त्या दोन वेगळ्या साधनांवर असाव्यात आणि एक घराबाहेर असावी. घराबाहेरची प्रत म्हणजे क्लाउड किंवा मुलीच्या घरी ठेवलेला पेन ड्राइव्ह.

किती जागा लागते? मोबाइलचा एक फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा, म्हणजे हजार फोटोंना ३ ते ५ जीबी. व्हिडिओ मात्र जागा खातो. साध्या एचडी व्हिडिओच्या एका मिनिटाला ६० ते १३० एमबी लागतात. म्हणून आरतीचं अख्खं चित्रण करण्यापेक्षा तीस सेकंदांचे तुकडे घ्या.

गूगल फोटोजमध्ये पूर्वी अमर्याद फोटो फुकट ठेवता यायचे, ती सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. आता १५ जीबी फुकट मिळते, तीही ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांना मिळून. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. त्यामुळे जागा भरली की आधी व्हॉट्सॲपवरचे ‘सुप्रभात’ साफ करा. कित्येकांचं काम तेवढ्यावर भागतं. तरीही कमी पडलं तर गूगलची १०० जीबीची योजना महिन्याला १३० किंवा वर्षाला १,३०० रुपयांच्या घरात आहे. आयफोनवाल्यांना ५ जीबी फुकट मिळते, ५० जीबीला महिन्याला ७५ रुपयांच्या आसपास पडतात. हे दर बदलत असतात, म्हणून पैसे भरताना पडद्यावरचा आकडा वाचा. गूगलची सशुल्क जागा घरच्या आणखी पाच जणांबरोबर वाटून घेता येते. मुलाने आधीच योजना घेतली असेल तर वेगळी घेऊ नका, त्याच्याच कुटुंब-गटात सामील व्हा.

इथे एक इशारा. क्लाउडवर फोटो चढलेत म्हणून गूगल फोटोज उघडून तिथले फोटो ‘डिलीट’ करू नका. तिथून काढलं की क्लाउडमधूनही जातं. मोबाइलमधली जागाच मोकळी करायची असेल तर त्याच ॲपमधला ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय वापरा. चुकून पुसलंच, तर बॅकअप झालेले फोटो ६० दिवस कचरापेटीत असतात. तेवढ्यात परत आणता येतात.

पेन ड्राइव्ह ६४ जीबीचा नामवंत कंपनीचा ४०० ते ६०० रुपयांत मिळतो. एका जोडप्याच्या सगळ्या निवडक फोटोंना तो भरपूर होतो. वर्षातून एकदा, समजा दिवाळीच्या साफसफाईत, तो लावून फाइली उघडतात का पाहा. हार्ड डिस्क एक टीबीची पाच ते सात हजारांत जाते. तासनतास व्हिडिओ असतील तरच तिची गरज. ऑनलाइन ‘दोन टीबीचा पेन ड्राइव्ह पाचशे रुपयांत’ अशी जाहिरात दिसली तर पुढे सरका. तो आकडा फक्त पडद्यावर दिसतो, आतली जागा फार थोडी असते आणि ती भरली की नंतरचे फोटो नुसते नावालाच उरतात. सीडी-डीव्हीडीवर भिस्त ठेवू नका. त्या लावायचं यंत्रच आता घरात नसतं.

कागदावरचे फोटो

वीज, पासवर्ड, चार्जर काहीही न लागता दिसणारी गोष्ट म्हणजे कागदावरचा फोटो. शंभर निवडकांपैकी पन्नास तरी छापून घ्या.

चार बाय सहाचा, म्हणजे पोस्टकार्ड आकाराचा प्रिंट लॅबमध्ये १० ते १५ रुपयांना पडतो. जास्त संख्येला भाव उतरतो, तेव्हा विचारून घ्या. पाच बाय सातला साधारण दुप्पट. शंभर फोटोंचा खिशांचा अल्बम ३०० ते ५०० रुपयांत मिळतो. चिकट पानांवर प्लॅस्टिक ओढायचे अल्बम टाळा. त्यातला गोंद काही वर्षांत पिवळा पडतो आणि फोटो सुटत नाही. उग्र वास येणाऱ्या प्लॅस्टिकचे खिसेही नकोत.

फोटो लॅबला देताना व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवू नका. तिथे तो दाबून लहान केला जातो. पोस्टकार्डाला चालून जातो, पण ए-४ आकाराला फाटल्यासारखा दिसतो. ए-४ छपाईला साधारण ९ मेगापिक्सेल लागतात. मूळ फोटो पाठवायचा तर जोडणीच्या चिन्हातून ‘डॉक्युमेंट’ निवडून पाठवा, किंवा पेन ड्राइव्ह घेऊन दुकानातच जा.

फोटोबुकला, म्हणजे पानांवरच फोटो छापलेल्या पुस्तकाला, वीस-पंचवीस पानांसाठी आठशेपासून तीन हजारांपर्यंत खर्च येतो. लग्नातल्या करिझ्मा अल्बमसारखी जाड पानं सहलीला नकोत. ती महाग पडतात आणि ज्येष्ठांच्या मनगटाला जडही होतात. मागवण्याआधी विचारा: जीएसटी धरून की वेगळा? पोचवण्याचा खर्च? मराठी मथळे नीट छापले जातात का? जोडाक्षरं तुटलेली दिसली तर नमुन्याचं पान मागून घ्या.

फोटोच्या मागे बॉलपेनने दाबून लिहू नका, पुढच्या बाजूला वळ उमटतो. जुन्या कागदी फोटोवर मऊ पेन्सिलने कडेला लिहा. नवे प्रिंट मागून गुळगुळीत असतात, त्यावर पेन्सिल उठत नाही. तिथे अल्बमच्या खिशात कागदाची पट्टी सरकवा.

जुना साठा: स्कॅनिंग, निगेटिव्ह, कॅसेट

इथे सर्वाधिक पैसे जातात आणि इथेच सर्वाधिक वाचतात. दुकानात कागदी फोटो स्कॅन करायला नगाला १० ते २५ रुपये, निगेटिव्ह किंवा स्लाइडला २० ते ५० रुपये आणि व्हिडिओ कॅसेट डिजिटल करायला ३०० ते ८०० रुपये असा साधारण भाव आहे. पाचशे फोटो, शंभर स्लाइड आणि चार कॅसेट सरसकट दिल्या तर आठ ते वीस हजारांचं बिल होतं. दीडशे फोटो आणि चाळीस स्लाइड निवडून, कॅसेट मात्र चारही दिल्या, तर तेच काम साडेतीन ते नऊ हजारांत बसतं.

कॅसेटमध्ये निवड करायला वेळ नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. चालू स्थितीतली यंत्रं कमी होत चालली आहेत आणि फितीवर बुरशी चढते आहे. खर्चाला पहिला हात घालायचा तर कॅसेटला घाला. नंतर स्लाइड आणि निगेटिव्ह. कागदी फोटो शेवटी. ते अजून काही वर्षं थांबू शकतात आणि घरीही करता येतात.

घरी करायचं असेल तर मोबाइलवर गूगलचं फोटोस्कॅन हे ॲप फुकट मिळतं. चमक टाळून चार कोपऱ्यांतून फोटो घेऊन ते जोडतं. खिडकीजवळ, थेट ऊन न येणाऱ्या जागी काम करा. अल्बमच्या पोस्टकार्डांना एवढं पुरतं. मोठं करून भिंतीवर लावायचे पाच-दहा फोटो मात्र दुकानातच स्कॅन करून घ्या. त्याच आकारात छापायला ३०० डीपीआय, दुप्पट मोठं करायला ६०० डीपीआय आणि निगेटिव्ह-स्लाइडला निदान २,४०० डीपीआय असं सांगा. फाइल किती डीपीआयची दिली, ते बिलावर लिहून घ्या.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, वरचा रंगाचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करायला सांगा. कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत फोटो लोखंडी कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पावसाळ्यानंतर एकदा हवा दाखवा. ऊन मात्र नाही.

जुना फोटो ‘नवा करून देतो’ म्हणणारे नगाला दोनशे ते हजार रुपये घेतात. हल्ली हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालतं आणि त्यात चेहरे बदलतात. आजीच्या कपाळावरचं गोंदण जातं, नाक सरळ होतं. करून घ्यायचंच तर हात न लावलेला मूळ स्कॅन आधी मागा आणि तोच जपा.

दुकानात देताना फोटो मोजा, पाकिटांवर क्रमांक घाला आणि पावतीवर संख्या लिहून घ्या. पावतीच्या मागे बारीक अक्षरात हरवल्यास फक्त कागदाची किंवा फितीची किंमत मिळेल असं छापलेलं असू शकतं, ते आधी वाचा. सगळं एकदम न देता पहिल्यांदा वीस फोटो देऊन काम पाहा.

लिहिणं जमत नसेल तर बोला

हात थरथरतो, डोळ्यांना त्रास होतो, लिहायचा कंटाळा येतो. अशांसाठी आवाज आहे. मोबाइलमधल्या रेकॉर्डरवर तासाभराचं बोलणं साधारण ३० एमबीत मावतं. म्हणजे दहा तासांच्या आठवणी शंभर फोटोंपेक्षा कमी जागेत बसतात.

समोर नातवंड, सून, शेजारी, कुणीतरी विचारणारं हवं. ‘प्रवास कसा झाला?’ असं विचारलं की ‘छान झाला’ एवढंच उत्तर येतं. विचारायचं असं: रेल्वेचं सर्क्युलर तिकीट काढून गेलात तेव्हा बिछाना घरून नेला होता का? रामेश्वरला जेवायला काय मिळालं? पैसे कुठे लपवले होते? कोण आजारी पडलं? कोणाशी वाजलं? एका वेळी वीस मिनिटं, एकच सहल. सुरुवातीला तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव बोलून घ्या आणि फाइलला ‘रेकॉर्डिंग १२’ऐवजी ‘आई, रामेश्वर १९८१’ असं नाव द्या.

‘आमच्या साध्या सहलीत कोणाला रस?’ असं वाटत असेल, तर वरसईच्या विष्णुभट गोडसे यांची आठवण ठेवा. दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेलेले हे भटजी १८५७ च्या धामधुमीत सापडले, झाशीच्या वेढ्यात अडकले आणि गंगेची कावड घेऊन घरी परतले. बऱ्याच वर्षांनी त्यांनी ते आठवून लिहून काढलं. ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापून आलं आणि आजही वाचलं जातं. लढाईबरोबरच वाटेतली भूक, भीती आणि दक्षिणेचा हिशेब त्यात आहे, म्हणून. आपल्या वाट्याला वेढा आला नाही, हे बरंच झालं. पण हिशेब आपल्यालाही लिहिता येतो.

पुस्तिका छापायची तर

सत्तरीनिमित्त किंवा सहस्रचंद्रदर्शनाला प्रवासवर्णनाची पुस्तिका काढायची हौस अनेकांना असते. ९६ पानांच्या, एकरंगी, ५० प्रतींच्या पुस्तिकेचा हिशेब असा:

• हस्तलिखिताची अक्षरजुळणी, पानाला ४० ते ८० रुपये: ३,८०० ते ७,७०० रुपये
• मुद्रितशोधन, पानाला १५ ते ३० रुपये: १,४०० ते २,९०० रुपये
• मांडणी आणि मुखपृष्ठ: २,००० ते ४,००० रुपये
• डिजिटल छपाई आणि बांधणी, प्रतीला १२० ते २०० रुपये: ६,००० ते १०,००० रुपये

एकूण साधारण १३ ते २५ हजार. आत रंगीत फोटोंची सोळा पानं घातली तर ५० प्रतींना आणखी पाच-आठ हजार वाढतात. बोलून टाइप केलेला मजकूर दिलात तर अक्षरजुळणीचे निम्मे पैसे वाचू शकतात. मुद्रितशोधनात मात्र कंजूषी नको. पाचशे प्रती छापल्या तर प्रत स्वस्त पडते खरी, पण उरलेल्या साडेचारशे कोणाच्या पलंगाखाली राहणार, हेही विचारात घ्या. घरची माणसं, स्नेही आणि सहलीतले सोबती मिळून पन्नास पुरतात. लागलीच तर डिजिटलवर आणखी दहा काढता येतात.

काम देताना दोन अटी घाला. मजकूर युनिकोड मराठीत हवा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेली फाइल मोबाइलवर उघडली की अक्षरांची खिचडी दिसते आणि पुढे दुरुस्तीही करता येत नाही. दुसरं, छपाईची पीडीएफ आणि मूळ ओपन फाइल दोन्ही तुमच्या ताब्यात हव्यात. इंटरनेटवरून उतरवलेले फोटो पुस्तिकेत घालू नका, त्यांचे हक्क काढणाऱ्याचे असतात.

विक्रीसाठी नसेल तर आयएसबीएन क्रमांकाची गरज नाही. हवाच असेल तर भारतात तो सरकारी यंत्रणेकडून फुकट मिळतो. त्यासाठी हजारो रुपये मागणाऱ्याला नकार द्या. प्रती पाठवायला टपाल खात्याची ‘ज्ञानपोस्ट’ ही सेवा १ मे २०२५ पासून सुरू आहे. पुस्तकाच्या पाकिटाला ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. त्यासाठी पुस्तिकेवर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं, हे मुद्रकाला आधीच सांगा. हौस म्हणून टपाल खात्याचं ‘माय स्टॅम्प’ही आहे: आपल्या फोटोसह पाच रुपयांच्या बारा तिकिटांचा संच ३०० रुपयांना.

दाखवायचं कसं

ग्रुपवर एका दमात दीडशे फोटो टाकले की कोणी बघत नाही, अंगठा तेवढा मिळतो. बारा फोटो निवडा आणि प्रत्येकाखाली एक ओळ लिहा. रोज एक टाकलात तर लोक उद्याच्या फोटोची वाट पाहतील. पुणे-मुंबईत असोत की अमेरिका-ऑस्ट्रेलियात, मुलांसाठी एक सामायिक अल्बम करा. त्यात त्यांनाही फोटो घालता येतात. अल्बमची लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला तो दिसू शकतो, म्हणून ती सोसायटीच्या ग्रुपवर फिरवू नका. आणि प्रवासात असताना ‘आम्ही सध्या केरळात’ असं जाहीर करू नका. घराला कुलूप आहे, हे चोराला आपणच सांगायचं कशाला? परत आल्यावर टाका.

घरी पाहुणे जमले की पेन ड्राइव्ह टीव्हीला लावा. चाळीस फोटो, प्रत्येकी चाळीस सेकंद. पाऊण तास म्हणता म्हणता अर्ध्या तासाच्या आत संपतं आणि लोक आणखी मागतात. आयफोनचे फोटो अनेक टीव्हींवर उघडत नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडलं की पुढचे फोटो सर्वत्र चालणाऱ्या जेपीजी प्रकारात येतात. ज्येष्ठ नागरिक संघात किंवा वाचनालयात असाच कार्यक्रम करता येतो. तिथे स्थळांच्या माहितीपेक्षा पायऱ्या किती, खोली कुठल्या मजल्यावर, पथ्याचं जेवण मिळालं का आणि खर्च किती आला, हे सांगा. पुढच्या वर्षी निघणाऱ्यांना तेच हवं असतं.

किल्ली कोणाकडे?

फोटो क्लाउडवर आणि पासवर्ड फक्त तुमच्या डोक्यात, ही अवस्था बरी नव्हे. दोन वर्षं न वापरलेलं गूगल खातं आतल्या फोटोंसकट काढून टाकलं जाऊ शकतं. गूगलच्या ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये १० जणांपर्यंत नावं देता येतात. खातं ठरावीक महिने बंद राहिलं की त्यांना कळवलं जातं आणि तुम्ही ठरवाल ती माहिती मिळते. आयफोनवर अशीच ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ची सोय आहे. दोन्ही फुकट, पंधरा मिनिटांचं काम. बँकेत वारस नेमता तसा इथेही नेमा.

‘तुमचे फोटो आज पुसले जातील, लगेच पैसे भरा’ असे ईमेल आणि एसएमएस येतात. त्यातल्या लिंकला हात लावू नका. जागा किती उरली, ते ॲप उघडूनच पाहा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. वार्षिक योजनांचे पैसे आपोआप कापले जातात, त्याआधी २४ तास बँकेकडून सूचना यायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नको असेल तर तेव्हाच रद्द करा. लॅबने फोटो हरवले, बिघडवले किंवा काम अर्धवट ठेवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क नाही. दोन्हीकडे बिल लागतं, म्हणून ‘बिल नको, स्वस्तात करून देतो’ला बळी पडू नका.

तीन अंदाजपत्रकं

एका नव्या सहलीसाठी: शंभर प्रिंट, एक अल्बम, एक पेन ड्राइव्ह; १,७०० ते २,६०० रुपये. क्लाउडची वर्षाची वर्गणी धरली तर ३,००० ते ३,९००.

जुना साठा लावण्यासाठी: चार कॅसेट, चाळीस स्लाइड, दीडशे फोटो, साडेतीन ते नऊ हजार. हा खर्च भावंडांत वाटून घ्या, फोटो सगळ्यांचेच आहेत.

पुस्तिकेसाठी: ५० प्रती, १३ ते २५ हजार, रंगीत पानं वेगळी.

तिन्हीपैकी एकच परवडत असेल तर जुना साठा निवडा, आणि त्यातही कॅसेट आधी. नवे फोटो पुढच्या वर्षीही छापता येतील, पण फितीवरची बुरशी तोवर थांबणार नाही. आणि हातात एक पैसाही नसेल तर आज संध्याकाळी कपाटातला एक अल्बम काढा, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या शेजारी बसा आणि फोटोतल्या माणसांची नावं विचारून लिहून घ्या. स्कॅनिंग उद्या विकत मिळेल. ही नावं सांगणारं माणूस मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही.